सर, एक तास घेऊन दाखवाल?

प्राध्यापक भरतीत मार्कलिस्ट बघितली जाते, पीएचडी मोजली जाते, छापून आलेले पेपर मोजले जातात. वर्गात उभं राहून शिकवता येतं का, हे मात्र कोण बघतं?

जून संपत आला की सातारा आणि सांगलीच्या पेपरांत छोट्या छोट्या चौकटी दिसायला लागतात. अमुक महाविद्यालयात सीएचबी तत्त्वावर प्राध्यापक नेमायचे आहेत, मराठीला दोन, इंग्रजीला एक, रसायनशास्त्राला तीन, मूळ कागदपत्रांसह अमुक तारखेला सकाळी मुलाखतीला हजर राहावे. साधारण अशा धाटणीचा मजकूर. तुम्ही कॉलेजला जाणारे असाल तर ही चौकट न वाचताच पान उलटत असाल. पण पुढचं वर्षभर तुमच्या वर्गात फळ्यासमोर कोण उभं राहणार, हे बऱ्याचदा त्याच चौकटीतून ठरतं. आणि तुम्ही नेट-सेटवाले असाल तर ती चौकट तुम्ही कापून ठेवलेली असते.

तर आज त्या चौकटीबद्दल बोलूया.

सीएचबी म्हणजे काय रे भाऊ?

सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस. सरकारी मराठीत ‘तासिका तत्त्व’. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. एक अनुदानित पद रिकामं असलं की त्या पदाचे तास वाटून द्यायचे आणि वर्ष ढकलायचं, अशी ही सोय. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट आता व्यवस्था झाली आहे.

असं का झालं? राज्यात २०१७ मध्ये नव्या भरतीवर बंदी आली. २०१८ मध्ये अनुदानित महाविद्यालयांतली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी मिळाली. त्यातली १,४९२ भरून झाली आणि उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत २०२१ उजाडलं. दरम्यान जुने सर-मॅडम निवृत्त होत राहिले आणि रिकाम्या जागा वाढत गेल्या. आता पुन्हा मोठ्या भरतीची चर्चा आहे. पण चर्चा ते नेमणूक हा रस्ता लांबचा. कामाचा भार विद्यापीठाकडून तपासून घ्यायचा, बिंदुनामावली मंजूर करून आणायची, कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयातून ना-हरकत मिळवायची, मग जाहिरात, मग निवड समिती, मग मुलाखत आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या आणि याच सहसंचालक कार्यालयाच्या कक्षेत येतात, त्यामुळे फाइल घाट चढून असो की नदी ओलांडून, कोल्हापूरलाच जाते.

फाइल परत येईपर्यंत वर्ग रिकामा ठेवता येत नाही. मग सीएचबी.

आता पैशांचं बघा. २०२२ मध्ये राज्य सरकारने दर वाढवले तेव्हा पदवीच्या वर्गासाठी तासाला ९०० आणि पदव्युत्तरसाठी १,००० रुपये ठरले. आठवड्याला मर्यादा साधारण ९ तासांची. म्हणजे चार आठवडे एकही सुट्टी न येता सगळे तास झाले तर पदवीच्या प्राध्यापकाला ३२,४०० रुपये. पण दिवाळी येते, परीक्षा येतात, युवा महोत्सव येतो, उन्हाळा येतो. तास नाही तर पैसेही नाहीत. जे मिळतात तेही दर महिन्याला मिळतील असं नाही. बाजूच्याच वर्गात शिकवणाऱ्या नियमित सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता वेगळा. डिग्र्या बऱ्याचदा सारख्याच. विद्यार्थी तर तेच.

आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा २०१८ चा नियम काय सांगतो? कंत्राटी नेमणूक अगदीच गरज असेल तेव्हाच करा, ती एकूण पदांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि त्यासाठीही पात्रता व निवडीची पद्धत नियमित पदासारखीच ठेवा. हे वाक्य वाचून आपल्या कॉलेजचा स्टाफ बोर्ड डोळ्यांसमोर आणा. बाकी मी काही बोलत नाही.

‘फक्त शिकवणारे’ आपल्याकडे आहेतच

परदेशात अलीकडे एक वेगळं पद रुळलंय. संशोधन करणारे प्राध्यापक वेगळे आणि मुख्यतः शिकवण्यासाठी नेमलेले वेगळे. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातींमध्ये हे पद अध्यापनाचं आहे असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘टीचिंग प्रोफेसर’ असतात. त्यांना बढती मिळते ती मुख्यतः चांगलं शिकवण्यावर. सगळं गुडी गुडी आहे असं नाही. ब्रिटनमध्ये अशी बरीच पदं तात्पुरती असतात आणि त्यांना दुय्यम वागणूक मिळते ही तक्रार तिथेही आहेच. पण निदान निवड करताना ‘शिकवता येतं का?’ हा प्रश्न विचारला जातो. मुलाखतीच्या दिवशी नमुना तास घ्यायला लावणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही संशोधनप्रधान विद्यापीठं आणि अध्यापनप्रधान विद्यापीठं असे दोन प्रकार सांगितलेत. मग अध्यापनप्रधान विद्यापीठात कुणाला नेमायचं? साहजिकच, शिकवण्यात ज्याचा हातखंडा आहे त्याला.

गंमत अशी की असा माणूस आपल्याकडे आधीपासून आहे. ज्याच्याकडून फक्त शिकवण्याची अपेक्षा असते, ज्याला संशोधनासाठी ना वेळ ना निधी, तो आपला सीएचबीवाला. फरक एवढाच की तिकडे त्या पदासाठी शोध घेतात, इकडे एका सकाळी कागदपत्रं बघून नेमतात. आणि परीक्षा आल्या की निरोप.

हे विद्यार्थ्याच्या बाजूने बघा. माझ्या स्वतःच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात एकाच विषयाला वर्षभरात तीन जण येऊन गेले. पहिल्यांनी सुरुवात केली, दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तिसऱ्यांनी ‘महत्त्वाचे प्रश्न’ सांगितले. तिघांपैकी वाईट कुणीच नव्हतं. पण त्या विषयाचा मधला भाग आमच्या वर्गाला आजही माहीत नाही.

दीडशेपैकी पाच प्रश्न

आता परमनंटची वाट बघूया. तिथे तरी शिकवणं तपासलं जातं का?

पहिलीच्या मुलांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, वर टीईटी लागते. नववीच्या वर्गावर जायचं तर बी.एड. लागतं. बी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, सरावपाठ म्हणजे काय असतं ते सांगतील. आधी पाठ टाचण काढायचं, मार्गदर्शकांकडून लाल पेनने रंगवून घ्यायचं, मग खऱ्याखुऱ्या शाळेत, खऱ्याखुऱ्या वात्रट पोरांसमोर पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावर बसून कुणीतरी निरीक्षण लिहीत असतं.

आणि कॉलेजच्या वर्गासाठी? एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. आणि नेट किंवा सेट. (विद्यापीठातल्या पदासाठी पीएचडी सक्तीची करायचं ठरलं होतं, पण २०२३ मध्ये यूजीसीने ती अट मागे घेतली.) नेटला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, सगळे पर्याय निवडायचे. पहिल्या पेपरात १० घटक आणि प्रत्येक घटकावर ५ प्रश्न. त्यातला ‘अध्यापन अभियोग्यता’ हा एक घटक. म्हणजे ज्या परीक्षेने माणूस प्राध्यापक व्हायला पात्र ठरतो, तिच्यातले दीडशेपैकी पाच प्रश्न थेट शिकवण्यावर. तेही नुसते पर्याय निवडायचे! सेटचा अभ्यासक्रमही याच धर्तीवर.

नेमणूक झाल्यावर प्रशिक्षणं असतात, उजळणी वर्ग असतात. पण ते पोहायला शिकवणं झालं पाण्यात ढकलल्यानंतरचं. आणि पाणी कोण? तुम्ही-आम्ही.

गुणांचं गणित

पात्र ठरलात, अर्ज केलात. आता मुलाखतीला बोलावणं यायला हवं. त्यासाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १०० गुणांचा तक्ता आहे. महाविद्यालयांसाठीचा तक्ता असा: पदवीला जास्तीत जास्त २१ गुण, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५, नेटसह जेआरएफ असेल तर १० (नुसत्या नेटला ८, सेटला ५), संशोधन लेखांना ६, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० आणि पुरस्कारांना ३.

समजा दोन उमेदवार आहेत. पहिल्याला बी.ए. आणि एम.ए.ला ८० टक्क्यांच्या वर, पीएचडी, जेआरएफ, तीन शोधनिबंध. शिकवण्याचा अनुभव शून्य. त्याचे गुण: २१, २५, २५, १० आणि ६. एकूण ८७. दुसरी उमेदवार वाळवा तालुक्यातल्या एका गावातली समजा. बी.ए. आणि एम.ए. दोन्हीला साठ-पासष्ट टक्के, सेट पास, एक शोधनिबंध आणि पाच वर्षं शिकवण्याचा अनुभव. ती तास घेते तेव्हा दुसऱ्या वर्गातली पोरं दारात उभी राहून ऐकतात. तिचे गुण: १९, २३, ५, २ आणि १०. एकूण ५९.

मुलाखतीला ठरावीक संख्येनेच बोलवायचं म्हटल्यावर कुणाला पत्र जाईल, सांगायला नको. पहिला उमेदवार उत्तम शिक्षक असूही शकतो बरं का! मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तक्त्याला ते कळतच नाही. अनुभवाचे १० गुणसुद्धा वर्षांचे आहेत, शिकवण्याचे नाहीत. पाच वर्षं चांगलं शिकवलं तरी १०, पाच वर्षं गाइडमधून उतरवून दिलं तरी १०.

त्यात आणखी एक मेख आहे. पुढे पदोन्नतीसाठी आधीची तात्पुरती सेवा मोजायची झाली तर एक अट अशी की त्या काळात मिळालेलं मानधन नियमित प्राध्यापकाच्या मासिक पगारापेक्षा कमी नसावं. तासाला ९०० रुपयांवर काम केलेल्या माणसाने ही अट पूर्ण करायची कशी? म्हणजे आधी कमी पैसे द्यायचे आणि मग कमी पैसे मिळाले म्हणून वर्षं मोजायची नाहीत.

बंद खोलीत काय होतं?

गुणांचा तक्ता फक्त बोलावण्यापुरता. नियम म्हणतो, अंतिम निवड मुलाखतीवरच. म्हणजे सगळा खेळ त्या खोलीत. समितीत कोण असतं? संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी पाठवलेले सदस्य, बाहेरचे विषयतज्ज्ञ, आरक्षित घटकांचे प्रतिनिधी. सगळे अनुभवी लोक. पण ज्यांना शिकवायचं, त्यांच्यापैकी कुणीच नाही.

यूजीसीच्या नियमांत एक छान तरतूद आहे. निवड अधिक विश्वासार्ह करण्यासाठी उमेदवाराकडून वर्गासारख्या वातावरणात व्याख्यान किंवा सेमिनार घेऊन त्याची शिकवण्याची क्षमता तपासता येईल. ‘येईल’ हा शब्द लक्षात घ्या. तपासलीच पाहिजे, असं नाही. सगळी गोम या एका क्रियापदात आहे. एका पदासाठी दिवसभरात रांगेने उमेदवार बसलेले असताना ‘येईल’ म्हटलेली गोष्ट बहुतेक वेळा राहूनच जाते, किंवा ‘जरा पाच मिनिटं काहीतरी शिकवा’ इतकीच उरते. तेही ज्यांना तो विषय आधीच येतो अशा लोकांसमोर!

आणि हो, भरतीचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो तो ‘रेट काय चाललाय?’ हा. कोणत्या संस्थेत काय होतं हे सिद्ध करणं या लेखाचं काम नाही. पण हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जातो, यातच सगळं आलं. नमुना तास सगळ्यांसमोर झाला तर ही कुजबुज पूर्ण थांबेल असा माझा दावा नाही. पण साठ पोरांनी डोळ्यांनी बघितलेला चांगला तास डावलणं बंद खोलीतल्या मुलाखतीपेक्षा नक्कीच अवघड जाईल.

माती, रंगमंच आणि फळा

आपल्या भागाला ही गोष्ट समजावून सांगायची खरं तर गरज नाही. कुस्ती हा आपला जीव की प्राण. पैलवानाची जोड लावताना कुणी त्याची दहावीची मार्कलिस्ट मागत नाही. त्याला मातीत उतरवतात. सांगली तर नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. इथल्या कुठल्याही हौशी संस्थेत जा, भूमिका देण्याआधी वाचन घेतात, तालमीला उभं करतात. नटाला उभं करून बघतात, पैलवानाला उतरवून बघतात. फक्त प्राध्यापकालाच बसवून बघतात.

साताऱ्याचा इतिहास तर आणखी पुढचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांचं पहिलं कॉलेज, छत्रपती शिवाजी कॉलेज, सुरू झालं १९४७ मध्ये. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १९३५ मध्येच, त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं होतं. खेड्यात शाळा काढायच्या तर आधी शिक्षक तयार करावा लागतो, हे ज्यांना तेव्हा कळलं होतं त्यांच्या गावात आपण राहतो. त्याच १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज उभं राहिलं. शंभरी ओलांडलेल्या या दोन नावांकडे दोन्ही जिल्ह्यांतली पोरं आजही आशेने बघतात. साताऱ्यात तर रयतेचीच तीन कॉलेजं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. नवं विद्यापीठ म्हणजे नव्या पद्धती सुरू करायची संधी. शिकवणाऱ्याची निवड वर्गात करायची, ही पद्धत साताऱ्यातून सुरू झाली तर ती शोभूनच दिसेल.

बरं, यासाठी मुंबईहून जीआर यायची वाट बघायला नको. नियमात ‘येईल’ आहे ना? मग करा. अभ्यासक्रमातला एक मुद्दा आदल्या दिवशी उमेदवाराला द्यायचा. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांचा तास, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर. समिती मागच्या बाकांवर. तास संपल्यावर विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न: काय कळलं ते दोन ओळींत लिहा, काय कळलं नाही तेही लिहा. ‘सर आवडले का?’ हे विचारूच नका, त्यात नुसता विनोदी माणूस निवडून येईल. त्या चिठ्ठ्या समितीसमोर ठेवा. निर्णय समितीचाच, पण हातात काहीतरी घेऊन. आणि हे सीएचबीच्या मुलाखतीलाही करा. तिथे तर फक्त शिकवण्यासाठीच माणूस घेताय!

तुम्ही उमेदवार असाल तर

- नमुना तास मागितला नाही तरी तयार ठेवा. ‘दहा मिनिटं एक मुद्दा शिकवून दाखवू का?’ असं स्वतःहून विचारा. नाही म्हणाले तर तुमचं काय जातंय?
- अख्खं प्रकरण कोंबू नका. एकच मुद्दा घ्या, पण तो मागच्या बाकापर्यंत पोहोचवा.
- उदाहरण इथलं द्या. सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकवायचाय? सांगलीच्या हळदीच्या सौद्यातले दर घ्या. एखाद-दुसऱ्या पोत्याला चढा भाव लागला की सरासरी कशी फुगते आणि मध्यक कसा जागेवर राहतो, पोरांना लगेच कळतं. जैवविविधतेला कास पठार आहे, स्वातंत्र्यलढ्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आहे.
- प्रश्न विचारल्यावर थांबा. स्वतःच उत्तर देऊन मोकळं होणं ही नवख्या शिक्षकाची खूण.
- एक फाइल ठेवा. तासांची टाचणं, तुम्ही काढलेल्या प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांचा लेखी प्रतिसाद, निकाल. यूजीसीच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात वरच्या पदांसाठी नावीन्यपूर्ण अध्यापन आणि भारतीय भाषांतलं अध्यापन यांना उल्लेखनीय योगदान म्हणून जागा दिली आहे. वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते ओळखा.
- सीएचबी असलात तरी नेमणुकीचं पत्र आणि वर्षाअखेर अनुभवाचं प्रमाणपत्र लेखी घ्या. तोंडी आश्वासनाचे गुण तक्त्यात नाहीत.

आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर

आपल्याला वाटतं भरती हा मोठ्या माणसांचा विषय आहे. पण कुठल्याही बस स्टँडवर पास काढायच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडे बघा. कुणी माणमधून येतं, कुणी जतमधून. पहाटे उठून, एसटीत उभं राहून, दोन तासांसाठी कॉलेजला यायचं. तो तास नीट झाला तर त्या प्रवासाचं चीज. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून पोरगा कामाला जायला लागतो आणि पोरीच्या घरात ‘तसंही शिकवत नाहीत, मग कशाला जातेस?’ सुरू होतं. पोरांची कॉलेजमधली गळती फीमुळे होते तशी अशा वाया गेलेल्या तासांमुळेही होते.

म्हणून यंदा ती चौकट पेपरात दिसली की वाचा. आपल्या कॉलेजची असेल तर चार-पाच जण मिळून प्राचार्यांना भेटा. आंदोलन नको, घोषणा नकोत. एक साधा अर्ज द्या: मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांचा नमुना तास आमच्या वर्गावर घ्यावा, आम्ही पूर्ण वेळ शांत बसू. नॅकला पाठवायला विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतातच ना कॉलेजं? ते मत नेमणुकीनंतर विचारतात. तुम्ही म्हणा, थोडं आधी विचारा.

फार तर काय होईल, ‘नाही’ म्हणतील. पण एखादे प्राचार्य ‘हो’ म्हणाले तर त्या दिवशी वर्ग मात्र भरलेला हवा. तेव्हा बंक मारू नका म्हणजे झालं.